यकृताच्या कार्याचे मापन

एखादा अवयव रोगग्रस्त आहे हे कळणे आणि तो आपले काम कितपत करीत आहे हे कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. यकृताच्या पेशींना इजा झाली म्हणजे त्यांतील एंझाइमे रक्तात उतरतात व रक्ततपासणीत त्यांचे वाढलेले प्रमाण आढळते. परंतु उरलेल्या पेशी किती कार्यक्षम आहेत, याचा उलगडा त्यावरून होत नाही. यकृताकडे पुरेसे रक्तच पोहोचत नसेल, तर ही एंझाइमे जवळजवळ प्राकृत प्रमाणातही आढळू शकतात. कुत्र्यांच्या एका जन्मजात विकारात नेमके असेच घडते.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून व प्लीहेकडून प्रवेशिका नीलेवाटे येते. अन्नातील पोषक द्रव्यांबरोबरच आतड्यांत तयार झालेला अमोनियाही या रक्तात असतो. यकृत त्याचे यूरियात रूपांतर करून तो निरुपद्रवी करते. काही कुत्र्यांत मात्र जन्मतःच एक आडवाट राहून गेलेली असते आणि हे रक्त यकृताला टाळून परस्पर हृदयाकडे जाते. यॉर्कशायर टेरियर आणि आयरिश वुल्फहाउंड या जातींत हा दोष विशेष आढळतो. अशा पिल्लाची वाढ खुंटते, ते सुस्त होते, भिंतीला डोके टेकून उभे राहते, क्वचित त्याला झटकेही येतात. रशियातील निकोलाय एक यांनी १८७७ मध्ये शस्त्रक्रियेने कुत्र्यांत अशीच वाट मुद्दाम निर्माण केली होती. पुढे १८९३ मध्ये पाव्हलॉव्ह व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, असे कुत्रे मांस खाल्ल्यावर गंभीर आजारी पडतात. यकृताचे अस्तित्व पुरेसे नसून रक्त त्याच्यातून वाहिले पाहिजे, हे त्या प्रयोगांनी सिद्ध केले.

जिवंत प्राण्याच्या शरीरातील रक्ताची ही वाट बाहेरून पाहायची कशी? त्यासाठी ज्याचा माग काढता येईल असा किरणोत्सर्गी पदार्थ अत्यल्प प्रमाणात शरीरात सोडतात. त्याला मार्गण-द्रव्य म्हणतात. येथे बहुधा टेक्नेशियम-९९एम हा समस्थानिक वापरला जातो. त्याचे गॅमा किरण शरीराबाहेर सहज येतात आणि त्याचे अर्धायुष्य अवघे सहा तासांचे असते. म्हणजे चोवीस तासांनी मूळच्या किरणोत्सर्गाचा केवळ सोळावा भाग उरतो. बाहेर आलेले किरण गॅमा कॅमेऱ्यातील सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर पडून प्रकाशाचे सूक्ष्म स्फुरण निर्माण करतात. या स्फुरणांची मोजणी करून चित्र तयार होते.

आडवाटेचा शोध घेताना टेक्नेशियमचा एक क्षार नळीने कुत्र्याच्या बृहदांत्रात सोडतात. तेथून तो प्रवेशिका नीलेच्या रक्तात शोषला जातो. निरोगी कुत्र्यात प्रथम यकृत उजळते आणि काही सेकंदांनी हृदय. आडवाट असेल तर हृदय यकृताच्या आधी किंवा त्याच्याबरोबरच उजळते. दोन्ही ठिकाणची मोजणी ताडून किती टक्के रक्त यकृताला टाळून गेले ते काढतात. निरोगी कुत्र्यात हा आकडा सामान्यतः १५ टक्क्यांच्या आत असतो. विकारग्रस्त कुत्र्यात तो अनेकदा ६० टक्क्यांच्या पुढे जातो.

रक्त पोहोचल्यावर पेशी आपले काम करतात किंवा नाही, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी टेक्नेशियम मेब्रोफेनिन या संयुगाला जोडून शिरेत टोचतात. यकृताच्या पेशी हे संयुग रक्तातून उचलून पित्तात सोडतात. हृदयावरील मोजणी रक्तात उरलेले द्रव्य दर्शविते आणि यकृतावरील मोजणी पेशींनी उचललेले. या दोन्ही आलेखांवरून यकृतातून जाणाऱ्या द्रव्यापैकी किती अंश पेशींनी टिपला, याचे गणित मांडता येते. निरोगी कुत्र्यात तो ९० टक्क्यांहून अधिक असतो. पेशी निकामी झाल्या असतील तर तो घसरतो. पुढे हेच द्रव्य पित्ताशयातून आतड्यात उतरते. ते बराच काळ उतरले नाही, तर पित्तमार्ग बंद असल्याची शंका घ्यावी लागते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. बृहदांत्रातून केलेल्या तपासणीत आडवाट आहे हे कळते, पण ती नेमकी कोठून फुटते हे सहसा कळत नाही. त्यासाठी ध्वनिलहरींचे चित्रण किंवा सीटी स्कॅन करावा लागतो आणि आज शस्त्रक्रियेपूर्वी त्यांवरच अधिक भिस्त असते. शिवाय किरणोत्सर्ग ओसरेपर्यंत कुत्र्याला वेगळे ठेवून त्याचे मलमूत्र जपून हाताळावे लागते. तथापि शस्त्रक्रियेत आडवाट हळूहळू बंद होत जाईल अशी योजना केलेली असते, तेव्हा काही महिन्यांनी ती खरोखर किती बंद झाली, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर आकड्यांत द्यावयाचे तर मार्गण-द्रव्याची पद्धत आजही उपयोगी पडते. प्राण्याचा आहार पूर्ववत करावा की नाही आणि औषधे थांबवावीत की नाही, हे ठरविताना पशुवैद्याला अशा आकड्यांचा आधार मिळतो.