न पचणाऱ्या अन्नाचे महत्त्व

शेवग्याच्या शेंगांची आमटी तुम्ही आवडीने खात असाल. शेंगेतला गर चोखून झाला, की तोंडात काय उरते? धागे धागे असलेला चोथा. तो आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. ऊस खाऊन झाला की चिपाड टाकतो. घेवडा मोडताना कडेचे दोरे काढतो. कणीक चाळली की चाळणीत राहिलेला कोंडा गुरांपुढे जातो. ज्यातून रस निघत नाही ते निरुपयोगी, असा आपला सरळ हिशेब असतो.

शेवग्याचा चोथा आणि उसाचे चिपाड टाकणे ठीकच आहे. ते गिळता येत नाही. पण विद्यार्थी मित्रांनो, याच जातीचा, मात्र मऊ आणि बारीक असा चोथा आपल्या भाकरीत, उसळीत, पालेभाजीत आणि फळांतही असतो. तो नकळत पोटात जातो, पण लहान आतड्यात पचत नाही. मग जे पचत नाही ते खायचे तरी कशाला? गंमत अशी, की न पचणे हाच त्याचा मोठा गुण आहे. तो कसा, ते आपण पाहू.

विटा त्याच, बांधणी वेगळी

वनस्पतीच्या पेशीभोवती भिंत असते आणि प्राण्याच्या पेशीला ती नसते, हे तुम्ही जीवशास्त्रात शिकला आहात. ही भिंत मुख्यत: सेल्युलोज या पदार्थाची बनलेली असते. म्हणूनच चोथा फक्त वनस्पतिजन्य अन्नात सापडतो. दूध, अंडी, मांस, मासळी यांत तो नसतो.

आता जरा रसायनशास्त्राकडे वळू. तांदळातील पिष्ट म्हणजे स्टार्च, आणि सेल्युलोज, हे दोन्ही पदार्थ ग्लुकोजच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या आहेत. विटा त्याच, पण एकमेकींना जोडण्याची रीत निराळी. आपल्या लाळेतील आणि आतड्यातील विकरांना स्टार्चमधले जोड तोडता येतात. म्हणून भाताचा घास बराच वेळ चावला की किंचित गोड लागू लागतो. सेल्युलोजमधले जोड मात्र या विकरांना मुळीच तोडता येत नाहीत. कुलूप वेगळे, किल्ली वेगळी! कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजचाच साठा. पण तो आपल्याला अन्न म्हणून उपयोगी पडत नाही.

मग गाय कडबा खाऊन दूध कशी देते? तिच्याजवळही ही किल्ली नसते. ती असते तिच्या पोटातील सूक्ष्म जीवांजवळ. ते कडबा पचवतात आणि त्यावर गाय जगते.

सेल्युलोजखेरीज हेमिसेल्युलोज, पेक्टिन, लिग्निन, निरनिराळे डिंक असे अनेक न पचणारे पदार्थ वनस्पतींत असतात. या सर्वांना मिळून आहारातील तंतुमय पदार्थ असे नाव आहे. नाव ‘तंतुमय’ असले तरी यांतले सगळेच धाग्यासारखे नसतात. ते कसे, ते एका सोप्या प्रयोगाने कळेल.

दोन पेल्यांचा प्रयोग

काचेचे दोन पेले घ्या. दोन्हींत सारखेच पाणी ओता. एका पेल्यात कणीक चाळून निघालेला चमचाभर कोंडा टाका. दुसऱ्यात चमचाभर इसबगोल टाका. दोन्ही ढवळा आणि अर्धा तास तसेच ठेवा.

कोंडा थोडासा फुगेल, पण वेगळाच राहून बराचसा तळाशी बसेल. इसबगोल मात्र भरपूर पाणी धरून ठेवील आणि पेल्यात बुळबुळीत, घट्ट खळीसारखा पदार्थ तयार होईल. (इसबगोल कोरडा कधीही गिळू नका, तो घशातच फुगून अडकू शकतो.)

चोथ्याचे हे दोन मुख्य प्रकार. कोंड्यासारखा, पाण्यात न विरघळणारा. आणि दुसरा पाण्यात विरघळणारा किंवा फुगून बुळबुळीत होणारा. पेरूची जेली घट्ट होते ती पेरूतल्या पेक्टिनमुळे. हे पेक्टिन दुसऱ्या प्रकारातले. मेथीदाणे, जव, ओट, कडधान्ये आणि फळे यांत या दुसऱ्या प्रकारचा वाटा चांगला असतो. बहुतेक अन्नपदार्थांत दोन्ही प्रकार कमीअधिक प्रमाणात एकत्रच असतात.

पोटात काय घडते?

जेवणाबरोबर बुळबुळीत चोथा आला, की आतड्यातले अन्न दाटसर होते. त्यातील साखर एकदम रक्तात न शिरता सावकाश शोषली जाते. यकृतातून आलेल्या पित्ताचा काही भाग त्यात अडकून बाहेर टाकला जातो. नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते आणि त्याचे प्रमाण काहीसे कमी होते.

लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. तेथून चोथा दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात येतो. उरलेल्या अन्नातले पाणी शोषून घेणे हे मोठ्या आतड्याचे एक काम. चोथा नसेल तर तेथे पोचणारा ऐवज अगदी थोडा असतो. तो रेंगाळतो, वाळतो, कडक होतो. यालाच बद्धकोष्ठ म्हणतात. चोथा असेल तर तो पाणी धरून ठेवतो. मल मऊ राहतो, त्याचे आकारमान वाढते आणि आतड्याच्या स्नायूंना तो पुढे ढकलणे सोपे जाते.

पण चोथ्याचे काम एवढ्यावर संपत नाही. मोठ्या आतड्यात कोट्यवधी जीवाणू राहतात. आपण खाल्लेल्या चोथ्यापैकी बराचसा भाग हे त्यांचे अन्न. ते तो आंबवतात आणि ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. म्हणजे जे आपण पचवू शकलो नाही, ते आपले पाहुणे पचवतात आणि त्याचा मोबदला आपल्यालाच देतात!

या पाहुण्यांना उपाशी ठेवले तर? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात माणसाच्या आतड्यातील जीवाणू ज्यांच्या पोटात वाढवले होते अशा उंदरांना चोथा नसलेले अन्न दिले होते. तेव्हा त्या जीवाणूंनी आतड्याचे रक्षण करणारा श्लेष्माचा थरच खायला सुरुवात केली आणि तो पातळ झाला.

युगांडातील खेडूत आणि ब्रिटनमधील विद्यार्थी

चोथ्याला असे महत्त्व आहे हे शास्त्रज्ञांच्याही फार उशिरा ध्यानात आले. डेनिस बर्किट (१९११-१९९३) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद अनेक वर्षे युगांडात काम करीत होते. पाश्चात्त्य देशांत नित्य आढळणारे मोठ्या आतड्याचे कित्येक विकार आफ्रिकेतील खेड्यांत क्वचितच दिसतात, ही गोष्ट त्यांना विचार करण्याजोगी वाटली. हा फरक आहारामुळे तर नसेल?

त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या लोकांना क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला दिल्या आणि त्या शरीराबाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजले. मलाचे वजनही केले. शास्त्रज्ञाला कशाचीही किळस करून चालत नाही! १९७२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार युगांडातील खेडुतांच्या पोटातून अन्न सुमारे ३६ तासांत बाहेर पडत होते आणि मलाचे रोजचे वजन सरासरी ४७० ग्रॅम होते. ब्रिटनमधील एका निवासी शाळेतील विद्यार्थ्यांना याच कामी दुप्पट वेळ, म्हणजे सुमारे ७६ तास लागत, आणि वजन भरे अवघे ११० ग्रॅम.

एवढ्यावरून बर्किट यांचा तर्क सिद्ध झाला का? नाही. खेडुतांचे कष्ट, राहणी, बाकीचा आहार, सगळेच वेगळे होते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही, हे प्रत्येक विज्ञान-विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. म्हणून पुढे अनेक देशांत हजारो लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. अशा १८५ पाहण्या आणि माणसांवर केलेल्या ५८ चाचण्या एकत्र तपासून न्यूझीलंडमधील संशोधकांनी २०१९ साली निष्कर्ष काढला. चोथा सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत भरपूर खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, प्रौढपणी होणारा मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्के कमी होते. बर्किट यांच्या तर्काला असा भक्कम आधार मिळाला.

आकडा बदलला, ज्वारी तीच!

शाळेच्या ग्रंथालयात आहारशास्त्राचे जुने पुस्तक असेल तर ज्वारीपुढे ‘चोथा १.६ ग्रॅम’ असे लिहिलेले दिसेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात मात्र हाच आकडा १० ग्रॅमच्या वर आहे. ज्वारी बदलली का? नाही, मोजण्याची पद्धत बदलली. पूर्वी धान्य सौम्य आम्लात आणि मग अल्कलीत उकळून जे उरे तेवढाच चोथा धरत. त्यात बुळबुळीत प्रकार आणि हेमिसेल्युलोजचा बराच भाग विरघळून निघून जाई. आता पचनात घडते तशी विकरांची प्रक्रिया करून जे उरते ते मोजतात.

नव्या तक्त्यातले दर १०० ग्रॅममागचे काही आकडे (पूर्णांकात) असे :

ज्वारी – १०
बाजरी – ११
नाचणी – ११
कणीक – ११
मैदा – ३
पांढरा तांदूळ – ३
अख्खे मूग – १७
मुगाची डाळ – ९
अख्खा हरभरा – २५
हरभऱ्याची डाळ – १५
मटकी – १५
तूरडाळ – ९
पेरू – ९

हा तक्ता नीट पाहा. कणीक आणि मैदा दोन्ही गव्हाचेच. पण कोंडा गेला आणि ११ चे ३ झाले. मुगाची साल गेली आणि १७ चे ९ झाले. आपण जेवढे ‘शुभ्र’ आणि ‘मुलायम’ मागतो, तेवढा चोथा गमावतो.

दिवसाचा हिशेब

दहा वर्षांवरील प्रत्येकाने दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा खावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचवले आहे. आता दोन दिवसांचे जेवण तोलून पाहू.

पहिल्या दिवशी सकाळी पाव-बिस्किटे (मैदा ६० ग्रॅम), दोन वेळचा भात (तांदूळ १५० ग्रॅम), तुरीचे वरण (डाळ ३० ग्रॅम), बटाट्याची भाजी (१०० ग्रॅम) आणि संध्याकाळी मैद्याच्या नूडल्स (७० ग्रॅम). बेरीज होते सुमारे १२ ग्रॅम. पोट भरले, पण चोथा निम्माही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या दोन भाकऱ्या (पीठ १२० ग्रॅम), मटकीची उसळ (कोरडी मटकी ४० ग्रॅम), मेथीची भाजी (१०० ग्रॅम) आणि एक पेरू (१०० ग्रॅम). वरणभात हिशेबात न धरताही बेरीज ३० ग्रॅमच्या वर जाते. यात कोणतीही परदेशी वस्तू नाही, डबाबंद चूर्ण नाही. आपल्या आजीच्या ताटात जे रोज असे, तेच आहे.

ज्यांच्या घरी भातच मुख्य आहे त्यांनी निराश होऊ नये. भाताबरोबर उसळ, पालेभाजी, कोशिंबीर वाढवली, अधूनमधून नाचणीची भाकरी केली, कणीक न चाळता वापरली आणि फळाचा रस न काढता फळच खाल्ले, तरी फरक पडतो.

दोन पथ्ये

चोथा एकदम वाढवू नका. जीवाणूंना नव्या आहाराची सवय व्हायला वेळ लागतो. तोवर पोट फुगते, वायू धरतो. आठवड्याला एखादा पदार्थ वाढवावा.

दुसरे पथ्य पाण्याचे. कोंडा असो वा इसबगोल, पाणी नसेल तर चोथा आपले काम करू शकत नाही. उलट त्रासच होतो. पुष्कळ मुले, विशेषत: मुली, शाळेत शौचालयाला जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि शौचाची भावना झाली तरी दाबून ठेवतात. मल जितका जास्त वेळ आत राहील तितका तो अधिक वाळतो. म्हणून शिक्षकांना विनंती, की हा धडा फळ्यापुरता ठेवू नका. पिण्याचे पाणी, आतून कडी लागणारे स्वच्छ शौचालय आणि तासाला उठून जाण्याची मोकळीक, हाही याच धड्याचा भाग आहे. खाण्यापिण्यात बदल करूनही त्रास राहिला, किंवा रक्त पडले, तर मात्र संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे.

आता एक काम तुमच्यासाठी. सात दिवस रोज काय खाल्ले ते वहीत लिहा. वरच्या तक्त्यावरून प्रत्येक दिवसाचा चोथा काढा. तक्त्यात नसलेल्या पदार्थांसाठी विज्ञानाच्या शिक्षकांची मदत घ्या. सातांपैकी किती दिवशी २५ ग्रॅम भरले ते पाहा आणि ती वही घरी आईवडिलांनाही दाखवा. पुढच्या आठवड्याच्या बाजारात काय आणायचे, ते मग सर्वांनी मिळून ठरवता येईल.