शनिवार लीड्सचा, रविवार हलचा

लीड्स विद्यापीठातल्या रिफेक्टरीत एरवी विद्यार्थी जेवतात. विद्यार्थी संघटना तिथेच गाण्याचे कार्यक्रमही ठेवायची. १४ फेब्रुवारी १९७०, शनिवारी, या मेसमध्ये ‘द हू’ हा ब्रिटिश रॉक बँड वाजवून गेला. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणातून निघालेली ‘लाइव्ह ॲट लीड्स’ रॉकच्या सर्वोत्तम लाइव्ह रेकॉर्डमध्ये आजही गणली जाते.

हा कार्यक्रम रेकॉर्ड काढायची हे ठरवूनच झाला होता. ‘टॉमी’ हा रॉक ऑपेरा १९६९ मध्ये गाजला आणि बँड अमेरिकाभर वाजवत फिरला. तिथल्या टेपचा ढीग जमला. तो ऐकून निवड करण्याचा धीर बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडला झाला नाही. त्याने ध्वनितंत्रज्ञ बॉब प्रिडनला त्या जाळून टाकायला सांगितलं. पुढे त्याला स्वतःलाच याची हळहळ वाटली. पण त्यामुळे रेकॉर्डसाठी इंग्लंडमध्येच दोन कार्यक्रम ठरले: शनिवारी लीड्स, रविवारी हल.

चौघांत वाद्यं वाजवणारे तिघेच. रॉजर डाल्ट्री गायचा. दुसरा गिटारवाला नसल्याने टाउनशेंड सोलोत शिरला की खालची जागा रिकामी पडायला हवी. ती पडत नाही. जॉन एन्टविसल बेसवर नुसता ठेका धरत नाही, तो स्वतंत्र चाल रचत जातो आणि कीथ मूनचे ड्रम दोघांनाही स्वस्थ बसू देत नाहीत. मूळ रेकॉर्ड हेडफोन लावून ऐकावी. डाव्या कानात बेस, उजव्या कानात गिटार, मध्ये ड्रम आणि आवाज. ‘माय जनरेशन’ हे मुळात तीनेक मिनिटांचं गाणं इथे चौदा मिनिटांच्या वर जातं. मध्येच ‘टॉमी’तल्या सुरावटी डोकावतात, वेग पडतो, गिटार एकटी उरते, आणि तिघं पुन्हा एकाच क्षणी समेवर येतात. आपल्या मैफलीत ज्या क्षणाला हात आपोआप उठतो, तोच हा क्षण.

मे १९७० मध्ये रेकॉर्ड आली ती फक्त सहा गाण्यांची. त्या रात्री जवळजवळ अख्खा ‘टॉमी’ वाजला होता. त्यातलं एकही गाणं घेतलं नाही आणि माझ्या मते ते बरंच झालं. त्या सहा गाण्यांत श्वास घ्यायलाही फट नाही. वेष्टन चोरट्या रेकॉर्डसारखं, साधं तपकिरी, वर शिक्का. आत वुडस्टॉक महोत्सवाच्या कराराची नक्कल आणि असलेच जुने कागद. टेपवर खरखर होती, तर लेबलवरच लिहून टाकलं की ती आहे तशी राहू द्या. उरलेली गाणी १९९५ आणि २००१ च्या आवृत्त्यांतून हळूहळू बाहेर आली.

हलच्या सिटी हॉलमधला रविवारचा कार्यक्रमही तोडीस तोड होता. पण सुरुवातीच्या काही गाण्यांत एन्टविसलचा बेस टेपवर उतरलाच नव्हता. तेवढ्यावरून ती रात्र मागे पडली. नावलौकिक लीड्सला मिळाला, विद्यापीठात निळी स्मृतिपाटी लागली आणि २००६ मध्ये टाउनशेंड आणि डाल्ट्री त्याच रिफेक्टरीत पुन्हा वाजवायला आले. मून १९७८ मध्ये गेला होता, एन्टविसल २००२ मध्ये. हलचं ध्वनिमुद्रण २०१२ मध्ये स्वतंत्रपणे निघालं. बेस नसलेल्या गाण्यांखाली लीड्सच्या टेपवरचा बेस संगणकावर जुळवून बसवला होता.