उलटलेली होडी आणि शेजारची होडी

शनिवार उजाडला की बेळगावच्या कॅम्पातून, टिळकवाडीतून, शहापुरातून गाड्या निघतात. कोणी आंबोलीचा घाट उतरून मालवण गाठतो, कोणी चोर्ल्याने गोव्यात जातो, कोणी खानापूर-रामनगरच्या वाटेने कारवारास. निपाणीकडील मंडळी राधानगरीवरून फोंडा घाट उतरतात. समुद्र तीन-चार तासांच्या अंतरावर, आणि समुद्राची विद्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या अंगी नाही, अशी आम्हां घाटमाथ्यावरील लोकांची स्थिती आहे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल उतरली आणि आठ जण बुडाले. तिघांना बाहेर काढले ते तेथील स्थानिक माणसांनी. त्या दिवसाचे दुःख बेळगाव विसरलेले नाही. परंतु त्या तिघांना वाचविणाऱ्या हातांचा विचार आपण किती केला?

आज आम्हांस लिहावयाचे आहे ते या हातांविषयी. पोहावयास उतरलेल्यांबरोबरच आता होडीतून फिरावयास जाणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. डॉल्फिन पाहावयास, बेटावरील देवळात, पाण्याखालील प्रवाळ पाहावयास, नाहीतर नुसतेच वारा खावयास. अशा होड्या एकट्या नसतात. एक उलटली तर हाकेच्या अंतरावर दुसरी असते, आणि तिच्यातही सहलीचेच लोक असतात. तटरक्षक दल आणि पोलीस यांच्या नौका येईपर्यंतची पहिली दहा-पंधरा मिनिटे या दुसऱ्या होडीची असतात. त्या मिनिटांत काय होते यावर मृतांचा आकडा ठरतो.

कारवारचेच पाहा. २१ जानेवारी २०१९ रोजी, पौष पौर्णिमेस, कूर्मगडावरील नृसिंहाची जत्रा आटोपून परतणारी होडी लाटांच्या माऱ्यात उलटली. तीत पस्तीसच्या आसपास माणसे होती; सोळा जण गेले. त्यांत हावेरी जिल्ह्यातील, म्हणजे समुद्राशी काडीचा संबंध नसलेल्या मुलखातील भाविक बरेच होते. जे वाचले त्यांतील काहींना त्याच वाटेने परतणाऱ्या होड्यांतील माणसांनी आणि मच्छीमारांनी ओढून घेतले. मालवणनजीक तारकर्लीस २४ मे २०२२ रोजी वीस पर्यटकांची होडी उलटून दोघांचा अंत झाला. तेथेही धावले ते जवळपासचे होडीवालेच. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली तेव्हा नौदलाची हेलिकॉप्टरे व नौका, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस हे सारे कामास लागले हे खरे, पण पाण्यात तडफडणाऱ्यांच्या दृष्टीस प्रथम पडल्या त्या जवळून जाणाऱ्या नागरी नौका, त्यांत बंदराची एक पायलट-बोटही होती. पंधरा जणांचे प्राण गेले. ‘नीलकमल’वर ८४ प्रवाशांची परवानगी असता शंभरावर माणसे होती, आणि बहुतेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते.

आमच्या किनाऱ्यावर ही परंपरा नवी नाही. स्वातंत्र्य एका महिन्यावर आले असता, १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्राने गिळली. तेव्हा ना बिनतारी निरोप गेला, ना सरकारी नौका वेळेवर आली. रेवसकडून मुंबईस मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी मिळतील तितक्यांना आपल्या होड्यांत ओढले. त्या सकाळी कोणी त्यांना कायदा वाचून दाखविला नव्हता.

कायदा मात्र आहे. संकटातील माणसाला साहाय्य करणे हे कप्तानाचे कर्तव्य, असे १९१० च्या ब्रुसेल्स करारात लिहिले गेले. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ च्या करारात ते दृढ झाले. आपल्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारातही ते आले. या साऱ्यांत एक शहाणपणाची अट आहे: आपली नौका व आपली माणसे गंभीर धोक्यात न घालता हे साहाय्य करावयाचे. भावनेच्या भरात आम्ही हीच अट विसरतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे, सुटकेसाठी आलेली होडीच प्रमाणाबाहेर माणसे भरल्याने उलटली आणि बारांहून अधिक जीव गेले. त्याच दिवसांत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर चढले होते. सीमाभागातील माणसाला हे सांगावयास नको.

तेव्हा शेजारची होडी उलटली असता करावयाचे काय? तांडेलाशी बोलून पाहावे, तो चार गोष्टी सांगेल. सर्वांनी एका बाजूस धावू नये. नाहीतर आपलीही होडी कलंडते. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा आरडाओरड करीत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी येते-जाते, हात पाणी खाली दाबीत राहतात, आणि आवाज फुटत नाही. म्हणून एकाने त्याच्यावरची नजर काढू नये, हात त्याच्या दिशेने धरून ठेवावा; लाटांत डोके एकदा हरवले की पुन्हा सापडत नाही. माणूस जवळ आला की इंजिन बंद, कारण पंखा मदतीला आलेल्या होडीलाच मारेकरी बनवितो. पट्टीचा पोहणारा असला तरी त्याने उडी घेणे हा शेवटचा उपाय. आधी दोर, आधी लाईफबॉय, काहीच नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन. होडीत जागा नसेल तर दोर धरून तरंगत ठेवणे हेही वाचविणेच आहे. आणि जे पाण्यात पडले आहेत त्यांनी उलटलेल्या होडीचा आधार सोडू नये. किनारा दिसतो त्याहून पुष्कळ दूर असतो.

यांत अवघड असे काही नाही. तरीही ते घडत नाही, कारण आता होडीतील दहांपैकी आठ हात मोबाईल धरून असतात. ‘नीलकमल’कडे झेपावण्यापूर्वी ती नौका घिरट्या घालीत होती, त्याचेही चित्रण झाले. चित्रण करणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. पुढील चौकशीस त्याचा उपयोगही होतो. पण तोच मोबाईल तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरविण्यास आधी वापरावा हे किती पर्यटकांस ठाऊक आहे?

इंग्रजांचे सारेच अनुकरणीय आहे असे आम्ही कधी म्हटले नाही. तथापि १८२४ साली स्थापन झालेली त्यांची लाईफबोट संस्था आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर आणि लोकांच्या देणग्यांवर चालते. गावचा शिक्षक, गावचा दुकानदार घंटा ऐकून होडीवर जातो. आमच्याकडे मालवणचा होडीवाला तेच काम करतो, फक्त त्याला नाव नाही, शिक्षण नाही आणि डिझेलचे पैसे नाहीत. उलट बुडालेल्यास बाहेर काढले, आणि तो दगावला, तर जबाबासाठी ठाण्यावर किती खेपा घालाव्या लागतील ही धास्ती त्याच्या मनात असते. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने संरक्षण दिले. रस्त्यावर ज्याला परोपकारी म्हणावयाचे, त्याला पाण्यावर संशयित का मानावे, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावे.

महाराष्ट्राचे मेरिटाईम बोर्ड, गोव्याचे बंदर खाते आणि कर्नाटकातील बंदरांचे अधिकारी यांच्याकडे आमचे मागणे मोठे नाही. परवाना देताना तांडेलाकडून दोर फेकून, माणूस आत ओढून दाखविण्याची परीक्षा घ्यावी. जॅकेट होडीच्या कोनाड्यात बांधून ठेवू नये, धक्क्यावरच अंगावर चढवावे. ओले आहे, वास येतो, साडीवर शोभत नाही, ही कारणे ऐकू नयेत. मदतीस धावलेल्या होडीची त्या दिवशीची खोटी सरकारने भरून द्यावी. आणि बेळगाव-निपाणीच्या शाळा-महाविद्यालयांनी सहलीच्या पत्रकात जेवणाचा बेत छापतात तसा १५५४ हा क्रमांकही छापावा. कूर्मगडची पुढची जत्रा पौष पौर्णिमेस आहे. कारवारच्या अधिकाऱ्यांनी निदान त्या दिवशी धक्क्यावर उभे राहून होडीगणिक माणसे मोजावीत.