धुरात जाणारे सरपण

शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे महागणपतीचे क्षेत्र. गावालगत औद्योगिक वसाहतीचे कारखाने उभे राहिले आणि घरोघर गॅसची शेगडी आली, तरी घोड व भीमा या नद्यांमधील वाड्यावस्त्यांवर भाकरी भाजण्यास आणि स्नानाचे पाणी तापविण्यास अद्याप चुलीचाच आश्रय घेतला जातो. सिलिंडरला रोख रक्कम मोजावी लागते, बांधावरची बाभूळ आणि शेतातल्या तुराट्या मात्र विनामूल्य मिळतात. सबब चूल जाणार कधी, यापेक्षा ती सुधारणार कशी, हाच प्रश्न आम्हांस निकडीचा वाटतो.

धूर म्हणजे अर्धवट जळलेले इंधनच होय. लाकूड तापले म्हणजे त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. त्यांस पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता लाभली तर त्यांची ज्वाला होते, न लाभली तर तेच वायू धूर होऊन स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांत व फुप्फुसांत शिरतात. तीन दगडांच्या चुलीत सरपणातील उष्णतेचा जेमतेम दशांश भांड्यास पोहोचतो. सरपणाखाली जाळी बसवून हवा निखाऱ्यांतून वर येऊ दिली, चुलीचे तोंड बेताचे ठेवले आणि भांडे नीट बसेल असा घेर केला, तर हेच प्रमाण पंचमांशापासून चतुर्थांशापर्यंत चढते. धुराड्याने घर स्वच्छ होते खरे. परंतु मुळात ज्वलनच अपुरे असेल, तर घरातला धूर अंगणात गेला, एवढेच घडते. मधल्या नळीत विस्तव आणि सभोवार पाणी अशी रचना असलेला आपला तांब्याचा बंब या दृष्टीने पुष्कळच शहाणा आहे.

वर्ध्याच्या मगनवाडीतून निघालेली मगन चूल हा या दिशेचा जुना प्रयत्न. पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ साली तो आटोपता घेतला. दफ्तरी उद्दिष्टे पुरी झाली. पण कोठे काजळीने तुंबलेले धुराडे कोणी झाडले नाही, तर कोठे लांब लाकूड मावेना म्हणून चुलीचे तोंड फोडून रुंद केले गेले. जिला रोज चुलीपुढे बसायचे, तिचा सल्ला आराखडा करतानाच घ्यावयास हवा होता.

शिरूर–दौंडसारख्या उसाच्या मुलखास विशेष लागू पडणारे कार्य डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्यात १९९६ साली स्थापिलेल्या ‘आरती’ या संस्थेने केले. तोडणीनंतर फडात पेटवून दिले जाणारे पाचट बंद पिंपात कोळसवून, त्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडावयाच्या, आणि ‘सराई’ नावाच्या वाफेच्या भांड्यात अशा सुमारे शंभर ग्रॅम कोळशावर पाच माणसांचे वरण, भात व भाजी शिजवावयाची, अशी ही योजना. पाचटाच्या या कोळशाबद्दल संस्थेस २००२ साली अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. पाचट खोडव्यात आच्छादन म्हणून कुजविणे जमिनीस अधिक हितावह, असे आमचे मत आहे. परंतु उरलेले पेटवून देण्यापेक्षा त्याचा कोळसा करणे केव्हाही श्रेयस्कर.

वाफेवर भाकरी होत नाही, म्हणून चूल राहणारच. तिच्यासाठी लोखंडी जाळी घ्यावी, धुराडे छपराच्या आढ्याहून उंच न्यावे व काजळी साचू न देता वरचेवर झाडावे, लाकडे बारीक फोडून आडोशाला सुकवावीत आणि पहिल्या दिवशी चूल पेटविताना ती घालणाऱ्या कारागिरास तेथेच बसवून घ्यावे.