पायलीचे माप आणि परीक्षेचे गुण

भोर आणि वेल्हे हे भाताचे तालुके. सरकारदरबारी वेल्ह्याचे राजगड झाले आणि पायलीने धान्य मोजण्याचे दिवसही सरले. तरी चार शेरांची पायली इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून गेलेली नाही. चांगली पायली कोणती? एकच रास दोनदा मोजली, तर दोन्ही वेळा तेवढीच भरते ती. पण पायली भरली म्हणून तांदूळ वासाचा आहे, असे कोणी म्हणू लागला तर आपण त्याला हसू. त्यात पायलीचा दोष नसतो. तिला जे सांगताच येत नाही, ते तिच्या तोंडी घातलेले असते. शैक्षणिक आणि मानसशास्त्रीय मापनाच्या दोन मूळ संकल्पना एवढ्यात आल्या. माप स्थिर आहे का, हा प्रश्न विश्वसनीयतेचा. त्या मापावरून जे म्हणतो ते म्हणण्याचा आधार आहे का, हा सप्रमाणतेचा; काही पुस्तके तिला वैधता म्हणतात.

मी संख्याशास्त्राचा पदवीधर नाही. अध्यापक विद्यालयांच्या रद्दीत निघालेल्या पुस्तकांतून हा विषय शिकत गेलो आणि गेली काही वर्षे या दोन तालुक्यांतल्या शाळांचे निकाल त्या नजरेने पाहतो आहे. गुणपत्रिकेवरचा आकडा मुलाच्या आयुष्यात बरेच काही ठरवतो. तो आकडा कितपत भार पेलू शकतो, हे पालकांना कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

गुणांच्या भोवतीची धूसर जागा

चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली या शास्त्राचा पाया घातला. त्याची मांडणी साधी आहे : मिळालेले गुण म्हणजे खरे गुण अधिक त्रुटी. परीक्षेच्या दिवशी ताप होता, डोंगर उतरून आल्यावर पाय दुखत होते, अंदाजाने काळे केलेले वर्तुळ बरोबर निघाले, हे सगळे त्रुटीत जाते. मुलामुलांच्या गुणांतल्या फरकापैकी खरा फरक किती, हे विश्वसनीयतेचा गुणांक शून्य ते एक या पट्टीवर सांगतो.

तो काढायचा कसा? तीच परीक्षा पुन्हा घ्यावी, तर मुलांना प्रश्न आठवतात. म्हणून सम आणि विषम क्रमांकांच्या प्रश्नांचे गुण वेगळे करून त्यांचा मेळ पाहतात. अर्धी परीक्षा पुरी केली की गुणांक किती वाढेल, याचे सूत्र स्पिअरमन आणि ब्राउन यांनी १९१० साली स्वतंत्रपणे दिले. अर्ध्या परीक्षेचा गुणांक ०.६० असेल, तर पूर्ण परीक्षेचा ०.७५ होतो. पुढे १९३७ साली कूडर आणि रिचर्डसन यांनी आणि १९५१ साली क्रॉनबाखने सर्व प्रश्नांचा एकत्र विचार करणारी सूत्रे रूढ केली. क्रॉनबाखचा ‘अल्फा’ आज पीएच.डी.च्या बहुतेक प्रबंधांत भेटतो.

पालकांच्या कामाची गोष्ट याच्या पुढची आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा दोन पेपरांची, ३०० गुणांची असते आणि प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात. उदाहरणापुरते समजा, अशा एखाद्या परीक्षेत गुणांचे प्रमाण विचलन ४० आहे आणि विश्वसनीयतेचा गुणांक ०.९१, म्हणजे उत्तमच. एकातून ०.९१ वजा केले, राहिलेल्या ०.०९ चे वर्गमूळ ०.३ घेतले आणि त्याने ४० ला गुणले की १२ येतात. ही झाली मापनाची प्रमाण त्रुटी. २१० गुण मिळवणाऱ्या मुलीचे खरे गुण १९८ ते २२२ यांच्या दरम्यान असण्याची शक्यता साधारण तीनात दोन. दोन मुलांची तुलना करताना दोघांची त्रुटी एकत्र येते आणि ही धूसर जागा १७ गुणांची होते. तरीही गुणवत्ता यादीची रेघ एका प्रश्नावर ओढली जाते. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, हे मान्य. पण रेघेच्या वरचा हुशार आणि खालचा कमी, असे म्हणायला या गणितात जागा नाही.

सातत्याने चुकणारे माप

एका सराव पुस्तिकेतला प्रश्न मी वेल्ह्याकडच्या मुलांना विचारला होता. वेगळा घटक ओळखा : नांगर, कुळव, पाभर, विळा. अपेक्षित उत्तर विळा. बाकीची औते बैल ओढतात. दोन-तीन मुलांनी पाभर म्हटले. का, तर लावणीच्या शेतीत पाभर लागत नाही, ती आमच्याकडे नसते. वर्गीकरण झाले, कारणही नेमके दिले, गुण शून्य.

इथे एक फसगत लपलेली आहे. असा प्रश्न दरवर्षी आला, तर त्या खोऱ्यातली मुले दरवर्षी तिथेच अडतील. असे दहा प्रश्न असतील, तर ती दहाही ठिकाणी एकाच कारणाने मागे पडतील. प्रश्नांचा आपसातला मेळ त्यामुळे बिघडत नाही, उलट वाढू शकतो. विश्वसनीयतेचे सूत्र फक्त अनियमित चूक पकडते. नेमाने होणारी चूक त्याच्या हिशेबात खऱ्या गुणांत जमा होते. ‘आमची चाचणी ०.९० विश्वसनीय आहे’ हे वाक्य ऐकून समाधान मानू नये, ते यासाठी. विश्वसनीयता नसेल तर सप्रमाणता येऊच शकत नाही. पण असली म्हणजे ती आपोआप येते, असेही नाही.

आपल्याकडच्या अभ्यासकांना हे जुने ठाऊक आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी तयार केलेल्या बुद्धिमापन चाचणीचे कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला केले. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. परक्या चाचणीचे नुसते भाषांतर पुरत नाही, कोणता प्रश्न कोणत्या वयाला जमतो हे इथल्याच मुलांवर तपासावे लागते. पुण्यात १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी स्थापलेल्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्डच्या सिद्धान्ताच्या आधाराने चाचण्यांचे काम केले. बुद्धी ही एका आकड्यात मावणारी गोष्ट नसून अनेक क्षमतांची रचना आहे, असे गिलफर्ड मानी. याच संस्थेचे ग्रामीण काम वेल्ह्यातही आहे.

क्रॉनबाख आणि मील यांनी १९५५ साली आणि मेसिकने १९८९ साली हा विचार आणखी पुढे नेला. सप्रमाणता चाचणीच्या अंगी चिकटलेला गुण नव्हे. गुणांवरून आपण जो अर्थ काढतो, त्या अर्थाला ती असते किंवा नसते. पाभरीच्या प्रश्नाची तपासणीही करता येते. एकूण गुण सारखे असलेली दोन भागांतली मुले घ्यायची आणि या एकाच प्रश्नावर त्यांच्यात मोठा फरक पडतो का, ते पाहायचे. पडला, तर तो प्रश्न बुद्धीखेरीज आणखी काही मोजतो आहे.

चार मुलांची सरासरी

मुलाकडून शाळेकडे वळले की आणखी एक अडचण उभी राहते. डोंगराळ वाड्यांवरच्या शाळांत एका इयत्तेत तीन-चार मुले असतात. गुणांचे प्रमाण विचलन २० धरले, तर चार मुलांच्या वर्गाची सरासरी निव्वळ योगायोगाने १० गुणांनी खालीवर होते. शंभर मुलांच्या वर्गाची दोनच गुणांनी. म्हणून शाळांची क्रमवारी लावली की पहिल्या आणि शेवटच्या दोन्ही टोकांना लहान शाळा दिसतात. यंदा तळाला असलेली लहान शाळा काही न करताही पुढच्या वर्षी वर सरकण्याचा संभव असतो.

हा हिशेब कागदापुरता नाही. २०२३ साली राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळांतली मुले एकत्र आणणाऱ्या समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर वेल्ह्यातल्या पानशेतचा दाखला दिला होता. समूह शाळेच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे बरेच आहे. पण वाडीवरच्या शाळेत गुणवत्ता नव्हती आणि एकत्र केल्यावर ती आली, असे एका वर्षाच्या निकालावरून म्हणता येणार नाही. त्यासाठी तीच मुले, अनेक वर्षे आणि तुलनेला दुसरा गट लागेल.

मग ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीवरून काही कळेल का? २००५ पासून होणारी ही पाहणी मुलांना घरी जाऊन एकेकटे वाचायला लावते : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल वाचू शकते का, या प्रश्नाला इतके थेट माप क्वचितच मिळते. मात्र ती एका जिल्ह्यात ३० गावे आणि गावात २० घरे घेते. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या ३७ लाखांच्या घरात होती आणि वेल्ह्याची सुमारे ५४ हजार. गावांची निवड लोकसंख्येच्या प्रमाणात होते. तेव्हा तीस गावांत वेल्ह्याच्या वाट्याला सरासरीने अर्धे गावही येत नाही. जिल्ह्यासाठी नेटके असलेले हे माप वेल्ह्याबद्दल जवळजवळ मुके आहे.

कोणताही निकाल समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात, असे मी शिक्षकांना आणि पालकांना सुचवतो. हे गुण किती खालीवर होऊ शकतात? यावरून जे म्हटले जात आहे, ते या प्रश्नांनी खरोखर तपासले का? आणि हा आकडा माझ्या मुलाचा आहे, शाळेचा, की जिल्ह्याचा? उत्तर मिळेपर्यंत गुणपत्रिका जपून ठेवावी; मुलाची किंमत मात्र तिच्यावरून ठरवू नये.