शितावरून भाताची परीक्षा : जनमत चाचण्या आणि आपण मतदार



निवडणूक जाहीर झाली की आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या भागात दोन तऱ्हेचे अंदाज सुरू होतात. एक अंदाज वर्तमानपत्रात छापून येतो व दूरचित्रवाणीवर ऐकू येतो. त्याला जनमत चाचणी असे भारदस्त नाव आहे. दुसरा अंदाज सकाळच्या लोकलच्या डब्यात, वागळे इस्टेटमधल्या चहाच्या टपरीवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर संध्याकाळी बांधला जातो. त्याला कोणी नाव दिलेले नाही. पहिला आकड्यांत बोलतो, दुसरा छातीठोकपणे बोलतो. यांतल्या कोणाचे किती ऐकावे, हा आजचा विषय. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस आहे. संख्याशास्त्र कॉलेजात शिकलो नाही, वाचनालयात बसून जमेल तेवढे वाचले. तेव्हा सांगेन ते साध्या हिशेबाने सांगेन.

पहिली शंका बहुतेकांची एकच असते. मतदारसंघात वीस-वीस लाख मतदार, आणि विचारले हजार जणांना. मग तो अंदाज खरा कसा मानायचा? याचे उत्तर आपल्या घरातल्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. शितावरून भाताची परीक्षा होते. पातेले पावशेराचे असो की लग्नाच्या पंगतीचे असो, भात सारखा शिजला असेल तर चार शिते दाबून पाहणे पुरते. शास्त्रही हेच सांगते. हजार माणसे खरोखर सोडतीसारखी निवडली, तर शंभरांतल्या सुमारे पंचाण्णव वेळा उत्तर खऱ्या आकड्याच्या वरखाली तीन टक्क्यांच्या आत असते. हा फरक निम्म्यावर आणायचा तर माणसे दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात. म्हणून एका पक्षाला ४२ टक्के आणि दुसऱ्याला ४० टक्के असे छापून आले, तर पहिला पुढे आहे असे म्हणण्यास आधार नाही. तो आकडा एवढेच सांगतो की सामना अटीतटीचा आहे.

पण या म्हणीत एक अट दडलेली आहे. भात नीट ढवळलेला हवा. वरची शिते कच्ची आणि तळाची करपलेली असतील, तर वरवरची हजार शिते दाबूनही काही कळणार नाही. अमेरिकेत १९३६ साली याचा जगप्रसिद्ध दाखला घडला. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांवरून पत्ते काढून लाखो पत्रे धाडली. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि लँडन निवडून येणार असे त्याने जाहीर केले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्टने जिंकली. जॉर्ज गॅलप याने त्याच्या तुलनेने मूठभर माणसांना विचारून निकाल बरोबर सांगितला होता. मंदीच्या काळात टेलिफोन व मोटार कोणाकडे होती? त्यातून, पत्राचे उत्तर उत्साहाने पाठवणारे वेगळे आणि न पाठवणारे वेगळे. लाखोंची संख्या होती, पण पातेले ढवळलेले नव्हते.

आता आपले पातेले पाहा. कल्याण लोकसभा मतदारसंघात अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा असे सहा विधानसभेचे भाग येतात. डोंबिवलीचा नोकरदार, उल्हासनगरचा सिंधी व्यापारी, मुंब्र्याचा मुसलमान कारागीर आणि ग्रामीण भागातला आगरी शेतकरी हे एकाच पातेल्यात आहेत खरे, पण एकमेकांत मिसळलेले नाहीत. गंमत अशी की कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला राहणारा माणूस कल्याण मतदारसंघात मुळी मतच देत नाही. त्याचा भाग भिवंडी मतदारसंघात जातो. तेव्हा ‘कल्याणची हवा’ असे कोणी म्हणाला, तर पुलाच्या कोणत्या बाजूची, हे आधी विचारावे.

दुसरी अडचण मतांच्या जागा करताना येते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याहूनही कमी फरक होता. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ मिळाल्या. उरलेली एक अपक्षाने नेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मते पडली आणि २८८ पैकी २३० जागा त्यांच्याकडे गेल्या. म्हणजे चाचणीवाल्याचा मतांचा अंदाज दोन टक्क्यांनी चुकला, तरी जागांचा अंदाज पार कोलमडू शकतो. देशातही तेच झाले. २००४ साली बहुतेक चाचण्यांनी वाजपेयी सरकार परत येणार असे सांगितले होते; ते आले नाही. २०२४ च्या जूनमध्ये मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशे ते चारशे जागा दिल्या; मिळाल्या २९३.

शिवाय देशभर वाहणारे वारे प्रत्येक गल्लीत त्याच दिशेने वाहत नाही. १९८४ साली काँग्रेसने चारशेहून अधिक जागा जिंकल्या, आणि त्याच लाटेत मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले.

तिसरी अडचण माझ्या धंद्यातली, म्हणून ती मला लवकर उमगते. कारखान्याच्या दारावर द्वारसभेत ‘संपाला कोण तयार?’ असे विचारले की सगळे हात वर जातात. शेजारच्याचा हात वर असताना आपला खाली ठेवायला धैर्य लागते. तोच प्रश्न साहेबांनी केबिनमध्ये विचारला तर एकही हात वर जात नाही. माणसे तीच, प्रश्न तोच. फरक पडतो तो विचारणाऱ्याचा आणि बघणाऱ्याचा. म्हणून खरे मत कळायचे तर चिठ्ठी गुप्त हवी. जनमत चाचणीचा माणूस दारात उभा राहतो तेव्हा चाळीतला मतदार मनाशी विचार करतो, ‘हा कोणाचा माणूस असेल?’ त्याची भीती अगदीच अनाठायी नाही. मतदानयंत्रांची मोजणी केंद्रवार होते आणि आपल्या वस्तीने कोणाला किती मते दिली, हे सर्वांना कळते. माणसाचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही.

मग लोकलमधला अंदाज जास्त खरा का? तसेही नाही. रोज त्याच डब्यात त्याच जागी बसणारा गट हा बहुधा एकाच वस्तीतला, एकाच पगाराचा आणि एकाच विचाराचा असतो. ‘सगळे असेच म्हणतात’ याचा अर्थ ‘आमच्या डब्यातले सगळे’ एवढाच. मात्र या गप्पांत एक गुण आहे, जो चाचणीत नाही. चाचणी ‘कोणाला’ एवढे विचारते. डब्यात ‘का’ हेही बोलले जाते. पाणी किती वाजता येते, गाडीच्या दाराला लोंबकळणाऱ्या पोराचे काय, कंत्राटी कामगाराला कायम कधी करणार, हे प्रश्न टक्केवारीच्या तक्त्यात मावत नाहीत.

आता कायद्याचे दोन शब्द. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ साली झालेल्या दुरुस्तीने मतदानोत्तर चाचणीवर बंधन आले. पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंतच्या, आयोगाने ठरवलेल्या मुदतीत ती घेता किंवा प्रसिद्ध करता येत नाही. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जनमत चाचणीचे आकडेही इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून दाखवण्यास मनाई आहे. यामागचे कारण उघड आहे. अंदाज ऐकून मत बदलू नये, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मत द्यायचे टळू नये.

खरा धोका इथेच आहे. मे २०२४ मध्ये ठाणे व कल्याण या दोन्ही मतदारसंघांत जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिले. ‘निकाल ठरलेलाच आहे, मी जाऊन काय होणार?’ हे वाक्य जिंकणाऱ्याचा समर्थकही बोलतो आणि हरणाऱ्याचाही. त्याच निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. एका चाळीच्या दोन मजल्यांवर याहून जास्त मतदार राहतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. चाचणीवाला सकाळी अकरा वाजता दार वाजवतो, तेव्हा बारा तासांच्या पाळीवर गेलेला कंत्राटी कामगार घरी नसतो. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जो दिसत नाही, तोही पुष्कळदा हाच. ज्याचे मत विचारले गेले नाही, त्याचेच मत पडतही नाही. वास्तविक त्याच कायद्याच्या १३५-ब कलमाने मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी मिळते, आणि रोजंदारीवरच्या कामगारालाही त्या दिवसाची मजुरी मिळते. अपवाद आहे तो ज्याच्या गैरहजेरीने कामात धोका किंवा मोठे नुकसान होईल अशांचा. हा हक्क मोडणाऱ्या मालकाला दंड आहे तो पाचशे रुपयांपर्यंतचा! एवढ्या दंडाला कोण भितो? म्हणून सुटीचा कागद आठवडाभर आधी सूचनाफलकावर लागला की नाही, हे कामगारांनी आणि कामगार नसलेल्या सुशिक्षितांनीही पाहिले पाहिजे. आपल्या सोसायटीचा पहारेकरी आणि सफाई कामगार त्या दिवशी मत द्यायला केव्हा जाणार, हे आपणच ठरवत असतो.

तेव्हा पुढच्या वेळी चाचणीचा आकडा समोर आला की चार प्रश्न विचारा. किती जणांना विचारले? त्यांना कसे निवडले? केव्हा आणि कोणी विचारले? यासाठी पैसा कोणी दिला? चारही उत्तरे मिळाली तर आकड्याचा विचार करा. न मिळाली तर करमणूक म्हणून ऐका आणि सोडून द्या. डब्यातल्या गप्पा मात्र सोडू नका. फक्त ‘कोण येणार’ यावर दहा मिनिटे घालवली, तर ‘कोण यावा आणि कशासाठी’ यावर निदान वीस मिनिटे घालवा. कळवा ते कल्याण एवढ्या प्रवासात ते सहज जमते.