पाला वेगळा, रस्सा वेगळा

खाली नुकताच उकडलेला हिरवा पाला, त्यावर मांसाचे पातळ काप, वरून शेंगदाण्याचा दाट, तिखट-आंबट-गोड रस्सा आणि सोबत वाफाळता भात. थायलंडातले हे साधे, पोटभरीचे जेवण घरी करून पाहायचे म्हटले की आपल्याकडे पहिला विचार सामानाचा होतो. नारळाच्या दुधाचा डबा, लाल वाटणाची बाटली, माशांच्या अर्काची बाटली, गोडसर पीनट बटर. मुंबईच्या मोठ्या दुकानांतून हे सगळे आणता येते, आणि एवढा खर्च करूनही ताटात पुष्कळदा तपकिरी, चिकट, गोडमिट्ट असे काहीतरी येते. चूक सामानात नसते, क्रमात असते, असे माझे म्हणणे आहे. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत या पदार्थाला लागणारे जवळजवळ सगळे काही पिकते, किनाऱ्यावर वाळते, परसात उगवते, नाहीतर आठवडी बाजारात मिळते. थाई स्वयंपाकघराकडून शिकायचे ते एवढेच की पाला, मांस आणि रस्सा तिन्ही वेगळे शिजवायचे आणि ताटातच त्यांची गाठ घालायची.

सुरुवात पाल्यापासून करायला हवी, कारण पालक हा या पदार्थाचा मूळ पाला नाहीच. थायलंडात त्यासाठी वापरतात ती पाण्यात वाढणारी, पोकळ देठाची भाजी. तीच आपल्याकडे नाळीची भाजी किंवा कलंबी म्हणून ओळखली जाते. रताळ्याच्या कुळातली ही वेल तळ्यांत, ओहोळांच्या काठी, पाणथळ जागी पसरते आणि तिला कर्ण्यासारखी पांढरी-जांभळट फुले येतात. थाई पदार्थाच्या नावात स्नानाला उतरलेला राम आहे. थायलंडात रामकथा ‘रामकियन’ या नावाने घरोघरी माहीत आहे, तिथल्या मुखवट्यांच्या नृत्यनाट्यात रामाचा वर्ण हिरवा असतो, आणि त्या हिरव्यावरून हे नाव आले असे सांगतात. म्हणजे हिरवा रंग ही वरवरची सजावट नव्हे, तो पदार्थाचा गाभा आहे. थाई कुटुंबे युरोप-अमेरिकेत गेली तेव्हा तिथे ही पाणभाजी सहज मिळेना, म्हणून बाजारातला पालक पुढे आला. परदेशातल्या थाई हॉटेलांतून हा पदार्थ जगभर गेला आणि त्याची कृती आपल्यापर्यंत पालकासह पोचली. जिथे मूळ भाजी तळ्याकाठी उगवते तिथे आपणही पालकच शोधत बसावे, याला काही अर्थ नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की पाण्यातली भाजी स्वच्छ असतेच असे नाही. हे खरे आहे. पाणवनस्पती सांडपाण्यातले जड धातू शोषून घेतात आणि काही परजीवी कृमींच्या अवस्था त्यांच्या पानांना चिकटून असतात. म्हणून कारखान्यांच्या नाल्यालगतची किंवा गटाराच्या पाण्यावर वाढलेली नाळी कितीही टवटवीत दिसली तरी घेऊ नये, आणि ही भाजी कधीच कच्ची खाऊ नये. तळ्याकाठी स्वतः खुडणाऱ्यांनी आणखी एक जपावे. तिथेच बेशरम नावाची तिची विषारी भावकी उभी असते. बेशरमाचे खोड कडक आणि उभे, फुले मोठी गुलाबी. नाळीचा देठ मऊ, पोकळ आणि पाण्यावर किंवा चिखलावर लोळणारा. ओळख पक्की नसेल तर पाड्यावरच्या जाणत्या बाईकडूनच घ्यावी. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग रानभाज्यांचे महोत्सव भरवतो, तिथे रानभाज्या ओळखणाऱ्या वारली आणि कोकणा बाया भेटतात. या विषयात त्यांच्याइतके खात्रीचे ज्ञान पुस्तकांत मिळणे कठीण. दुसरा आक्षेप असा की नाळी रोज मिळत नाही, पालक मिळतो. तर पालक घ्यावा, हिरवा माठ घ्यावा. मायाळू मात्र बुळबुळीत होतो, आणि अंबाडी घेतली तर रश्श्यातली चिंच जवळजवळ काढूनच टाकावी लागते. पाला बदलता येतो, त्याला शिजवण्याची रीत बदलता येत नाही.

ती रीत अशी का, हे समजून घेतले की बाकी कृती आपोआप जागेवर बसते. पानांतला हिरवा रंग आम्लात टिकत नाही. चिंचेच्या रश्श्यात पालक दहा मिनिटे शिजला की तो शेवाळी-तपकिरी होणारच. शिवाय पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. तो रश्श्यातच शिजवला तर हे पाणी सुटून रस्सा पातळ होतो, मग आपण तो आटवत बसतो, आणि आटेपर्यंत दाणे तळाला लागतात. म्हणून मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळावे, मीठ घालावे आणि झाकण न ठेवता पाला त्यात सोडावा. झाकण नको, कारण पाल्यातून सुटणारी आम्ले वाफेबरोबर बाहेर जायला हवीत. नाळीचे देठ आधी टाकावेत, मिनिटभराने पाने. पालकाला अर्धे मिनिट पुरते. लगेच थंड पाण्यात काढून, हलक्या हाताने पिळून, मोकळा करून ताटात पसरावा. पालकातल्या ऑक्झलेटांचा काही भाग या पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी रश्श्यात घेऊ नये. आपल्याकडे पालेभाजीचे पाणी फेकणे पाप मानतात आणि एरवी ते बरोबरही आहे, पण इथे ते फेकावेच.

आता रस्सा, कारण खरे कसब तिथे आहे. चार माणसांसाठी वाटीभर शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले काढून भरड कुटावेत. अगदी पीठ करू नये, दाताखाली कण यायला हवा. वाटणासाठी बी काढून भिजवलेल्या सात-आठ सुक्या मिरच्या, लसूण, दोन-तीन छोटे कांदे, थोडे धणे-जिरे, आले आणि गवती चहाच्या देठाचा बुडखा. आपण गवती चहाची पाती चहात टाकतो आणि खालचा पांढरट, जाड भाग बहुधा वाया जातो. थाई वाटणात नेमका तोच भाग लागतो. कोथिंबिरीच्या मुळ्यांचेही तसेच: आपण छाटून टाकतो, ते धुऊन वाटणात घेतात. माशांच्या खारट अर्काच्या आणि तिथल्या कोळंबीच्या पेस्टच्या जागी जवळा घ्यावा. झाईपासून चिंचणीपर्यंतच्या किनाऱ्यावर मासळी वाळते. सुक्या जवळ्याचा एक चमचा तव्यावर परतून वाटणात घातला की समुद्राची ती खोल चव येते, आणि ती कोणत्याही बाटलीपेक्षा ताजी असते. गोडव्यासाठी थायलंडात ताडाचा किंवा माडाचा गूळ वापरतात. ताडांनी भरलेल्या या पट्ट्यात, जिथे खादी ग्रामोद्योग आयोगाने ताडगूळ आणि ताडाच्या इतर उत्पादनांची संस्था डहाणूतच चालवली, तिथे पांढरी साखर घालण्याचे कारण नाही. ताडगूळ मिळाला नाही तर साधा गूळ चालतो.

नारळाचे दूध मात्र घरीच काढावे, आणि हा आग्रह शुद्धतेच्या हौसेपोटी नाही. थाई रीतीत आधी तेल घालत नाहीत. पहिले घट्ट दूध कढईत तापवत राहतात, त्यातले पाणी आटते आणि तेल सुटते, आणि त्या तेलात वाटण परततात. डब्यातले दूध फाटू नये म्हणून त्यात स्थिर करणारे घटक घातलेले असतात, त्यामुळे ते कितीही वेळ उकळले तरी बहुधा फुटत नाही. मग वाटण तळले न जाता शिजते आणि कच्च्या मिरची-लसणाचा वास शेवटपर्यंत राहतो. एका नारळाचे वाटीभर घट्ट दूध वेगळे काढावे आणि त्याच चोथ्याचे दीड-दोन वाट्या पातळ दूध. घट्ट दुधाला तेल सुटले की वाटण घालून तांबूस, खमंग होईपर्यंत परतावे, मग थोडे मांसासाठी राखून बाकीचे पातळ दूध, मग दाण्याचे कूट. दाणे घातल्यावर आच मंद ठेवून सारखे ढवळावे. त्यातली प्रथिने आणि पिष्ट पाणी धरतात, त्यामुळे रस्सा झपाट्याने दाटतो आणि तळ धरतो. आठ-दहा मिनिटांनी वर लालसर तवंग आला की चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ घालून चव जुळवावी. आधी तिखट, मागून आंबट आणि शेवटी गोड, अशी ती लागायला हवी. गोड पुढे आले तर रस्सा बिघडला असे समजावे.

मांसाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. थायलंडात बहुधा डुकराचे मांस असते, कोंबडीही चालते. कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे पातळ काप उरलेल्या पातळ नारळाच्या दुधात, उकळी फुटू न देता, शिजेपर्यंत ठेवावेत आणि ते दूध रश्श्यात ओतावे. गावठी कोंबडी असेल तर हे जमणार नाही. तिचे मांस चिवट, पण चव उत्तम. ती आधी आले-मीठ घालून मऊ होईतो उकडावी, मांस सोडवून घ्यावे आणि रस्सा तिच्याच पाण्यात सैल करावा. चौघांना चारशे ग्रॅम मांस पुष्कळ झाले, कारण पोट भरण्याचे निम्मे काम दाणे आणि पाला करतात.

इतके बदल केल्यावर हे थाई कसे उरले, असे कुणी विचारेल. प्रश्न योग्य आहे, पण त्यामागे एक समजूत आहे की हा पदार्थ कधीतरी शुद्ध थाई होता. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडातले. १६व्या शतकापासून युरोपीय जहाजांनी ती आशियात पसरवली. पोर्तुगीज १५११मध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडाच्या, अयुथ्येला पोचले, १५३४मध्ये वसई त्यांच्याकडे आली, आणि तारापूर-डहाणूचा किनारा १७३९च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत त्यांच्या अमलाखाली होता. ज्या व्यापारी वाटांनी मिरची सयामला गेली त्याच वाटा आपल्या किनाऱ्यालाही लागून होत्या. शेंगदाण्याचा रस्सा जावा-मलायाकडच्या साते या सळईवर भाजलेल्या मांसाच्या पदार्थाचा नातेवाईक, आणि या ताटाचे श्रेय बँकॉकच्या चिनी वस्त्यांना देतात. दक्षिण अमेरिकेचा दाणा, दक्षिण-पूर्व आशियाचा नारळ आणि चिनी कसब यांतून घडलेल्या पदार्थात डहाणूचा जवळा आणि ताडगूळ आला तर त्याने काही मोडत नाही. मोडते ते त्याचा क्रम सोडल्याने.

दुसऱ्या बाजूने असाही प्रश्न येतो की दाण्याची आमटी आपली आहेच, हे वेगळे काय? आपल्या आमटीत दाणे बारीक वाटून पाण्यात उकळतात आणि जिरे-मिरची-आमसुलाने तिला सात्त्विक, उपासाची चव येते. तो रस्सा उत्तम आहे, पण तो प्यायचा. हा पाल्यावर आणि भातावर बसणारा आहे, आणि त्यामुळे हिरवा पाला खाल्ला जातो, जे मुलांच्या बाबतीत सोपे नसते. डहाणू-तलासरीत याचे मोल जास्त आहे. या आदिवासीबहुल तालुक्यांत कुपोषण आणि रक्तक्षय हे जुने, गंभीर प्रश्न आहेत. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस जेवण मिळावे म्हणून राज्याने २०१५मध्ये अमृत आहार योजना सुरू केली. पालकातले लोह शरीराला सहज लागत नाही, आणि दाण्यातली फायटेटेही त्याच्या आड येतात. पण सोबत थोडे मांस आणि वरून पिळलेले लिंबू असेल तर वनस्पतीतले लोह अधिक शोषले जाते. पाल्यातल्या कॅरोटीनला स्निग्धाची गरज असते, ती नारळ आणि दाणे भागवतात. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. एका ताटाने रक्तक्षय हटत नाही, आणि कोंबडी रोज कुणाला परवडत नाही, हेही खरेच. मांसाऐवजी उकडलेली अंडी चिरून ठेवली तरी ताट उभे राहते. पालक आणि दाणे एकत्र खाण्याची सवय लागणे हे स्वस्तातले आणि टिकाऊ काम आहे.

दाण्यांबाबत मात्र हयगय नको. देशात सर्वाधिक भुईमूग गुजरातेत पिकतो आणि तलासरीची हद्द ओलांडली की गुजरातच, त्यामुळे दाणा मिळण्याची अडचण नाही. अडचण साठवणीची आहे. किनाऱ्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, दाण्यांवर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक आहे आणि घरच्या शिजवण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे भाजण्याआधीच निवडून टाकावेत. थोडे थोडे आणावेत आणि हवाबंद डब्यात ठेवावेत. घरात पाहुणा येणार असेल तर त्याला दाण्यांची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारावे. रस्सा उरला तर फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो आणि गरम करताना थोडे पाणी घातले की पुन्हा सैल होतो. पाला मात्र दर वेळी ताजाच उकडावा. वाड्याचा कोलम असेल तर त्याचा मोकळा भात करावा, नसेल तर नागलीची भाकरी घ्यावी.